‘पूर्ण व्हा’ हे मुलांना कसं सांगता? अनुभव लिहा

अहिल्यानगर, संडे स्कूलची टीचर

चौदा वर्षं चर्चमध्ये संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेते आहे. मागच्या महिन्यात पाठांतराची स्पर्धा झाली. बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र (1 करिंथ), अध्याय 13. वचनं तेराच, पण लहान मुलांना अवघडच. नऊ वर्षांची एक मुलगी ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’पासून छान म्हणत गेली. ‘बढाई मारत नाही’ झालं आणि पुढचं ‘फुगत नाही’ काही केल्या आठवेना. फ्रॉकची नाडी बोटाला गुंडाळत राहिली, इतकी की बोटाचं टोक पांढरं पडलं. खाली उतरल्यावर रडत म्हणाली, “टीचर, प्रभू येशूने सांगितलंय ना पूर्ण व्हा, माझं एक राहिलं.”

‘ह्यास्तव जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा.’ मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय, 48 वं वचन (मत्तय 5:48). हे मीच शिकवलेलं, सोनेरी कागदाची अक्षरं कापून भिंतीवर लावलेलं. आता ती अक्षरं बघवत नाहीत. तुमच्या घरी, वर्गात हे वचन कसं पोचलं? उपदेश नको, घडलेलं लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा.

वसई, आई

आमच्याकडे हे वचनातून नाही, पापनिवेदनातून, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्यातून आलं. पहिल्या कम्युनियनच्या (प्रभूची भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीच्या) आधी लेकाने पापांची यादी केली. चौरेघी वही, समास आखलेला, अनुक्रमांक घातलेले. ‘आजीला खोटं बोललो, 6 वेळा.’ ‘मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) जांभई दिली.’ एकूण 37. शेवटची ओळ अशी: ‘विसरलेली पण धरा.’

आधी हसू आलं. रात्री तो तिसऱ्यांदा उठून वहीत भर घालताना दिसला तेव्हा हसू गेलं. सकाळी शिकवणीच्या सिस्टरकडे गेले. त्यांनी वही बघितली आणि त्यालाच विचारलं, “यातलं कुणाला दुखलं ते सांग.” बराच वेळ विचार करून त्याने तीन ओळींवर बोट ठेवलं. जांभई त्यात नव्हती. आजी होती.

आत फादरांपाशी काय झालं ते विचारायचं नसतं, मी विचारलं नाही. घरी येऊन आजीच्या पाटाशेजारी बसला आणि तिच्याबरोबर वाल सोलत राहिला, एवढंच सांगते.

ठाणे, दोन मुलींचा बाबा

मला हे जरा लाड वाटतात. प्रभूने सांगितलंय तर प्रयत्न करायला नको? आमच्याकडे अक्षर वाईट आलं की पान परत लिहायचं. मत्तय 25 मधला रुपयांचा दृष्टान्त मी मुलींकडून पाठ करून घेतलाय. धनी तीन दासांकडे पाच, दोन आणि एक असे पैसे सोपवून जातो, ती गोष्ट. ज्याने पैसे पुरून ठेवले त्याचं काय झालं ते वाचा.

(नंतरची भर: धाकटीने काल विचारलं, पाचवाल्याला आणि दोनवाल्याला शाबासकी सारखीच कशी? बघितलं तर 21 आणि 23, दोन्ही वचनांत तीच वाक्यं, ‘शाब्बास, भल्या व विश्वासू दासा’. इतकी वर्षं वाचतोय, लक्षात आलं नव्हतं. पान परत लिहायचं मात्र आहेच.)

मिरज, निवृत्त शिक्षक, आजोबा

टीचरबाई, ‘ह्यास्तव’ या शब्दापासून मागे जा. 43 व्या वचनापासून विषय शत्रूवर प्रीती करण्याचा चाललाय. पिता आपला सूर्य वाइटांवरही उगवतो, पाऊस दोघांवरही पाडतो, म्हणून तुम्हीही तसे व्हा, असं ते आहे. लूकच्या शुभवर्तमानात हाच उपदेश येतो तिथे (6:36) ‘दयाळू’ म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द तेलेइओस. अर्थ भरलेला, वाढ पुरी झालेला. डाग नसलेला, असा अर्थ नव्हे.

नातवंडांना ग्रीक काय सांगणार? मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधली सुरुवातीची पानं वाचून दाखवतो. त्यांच्या वडिलांचं सोवळं! घरात आलेली वस्तू धुऊन घेण्यापर्यंत मजल. मुलं खदखदा हसतात. मग मी विचारतो, त्या घरातल्या बायकांचं काय होत असेल रे? तेव्हा गप्प होतात. पुढे त्याच पुस्तकात लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याच्या, कवी रेव्हरंड टिळकांच्या, रागीटपणाचं वर्णन येतं. त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो, आणि हा माणूस घरात असा तापट! थोरली म्हणाली, “आजोबा, हे छापलं कसं?” बायकोनेच लिहिलंय, बाळा, आणि प्रेमाने लिहिलंय.

पुणे, पाळकाचा (चर्चच्या धर्मगुरूचा) मुलगा, वय 26

‘पाळकसाहेबांचा मुलगा असून?’ हे वाक्य मी मोजायचं सोडून दिलंय. क्रिकेटमध्ये चीटिंग केली, पाळकसाहेबांचा मुलगा असून? गणितात 52, तरी तेच.

सातवीत होतो. प्रभुभोजनाचा, म्हणजे मंडळीला भाकर आणि द्राक्षारस देण्याचा रविवार. निघायच्या घाईत माझ्याकडून पप्पांच्या पांढऱ्या झग्यावर चहा सांडला. त्यांनी सगळ्यांदेखत कानाखाली दिली. मुद्दाम केलं नव्हतं, हे सांगायचीही संधी नाही. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर, शेजारी कोणी नको म्हणून अगदी कडेला. गीत झालं, कबुलीची प्रार्थना झाली, पप्पा मेजापाशी गेले आणि थांबले. मंडळीला वाटलं चष्मा विसरले. ते मधल्या वाटेने चालत मागे आले, झग्यावर चहाचा डाग तसाच, आणि माझ्यापुढे वाकून हळू म्हणाले, “चुकलं माझं. माफ करशील?” मी मान हलवली. रडू येईल म्हणून बोललो नाही. ते परत पुढे गेले आणि भाकर हातात घेतली.

मत्तय 5:23-24, दान वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मी खूप नंतर वाचलं. तोच अध्याय, 48 च्या बरंच वर. त्या दिवशी काही मंडळींना ते आवडलं नव्हतं, हेही लिहितो. उपासनेत खंड पडला म्हणे.

नाशिक, ख्रिस्ती नाही

मिशनच्या वसतिगृहात पाच वर्षं काढली. पुस्तकातलं फारसं आठवत नाही. पोळ्या लाटताना एकीची नेहमी नकाशासारखी व्हायची, आणि मावशी ती पोळी स्वतःच्या ताटात घ्यायच्या. रोज. एवढंच आहे माझ्याकडे.

अहिल्यानगर, टीचर, पुन्हा

सगळ्यांचे आभार. आजोबा, सोनेरी अक्षरं काढली नाहीत, पण वर 43 ते 47 साध्या खडूने लिहिली. जागा पुरली नाही, 45 वं वचन खिडकीखाली उतरलंय.

रविवारी फेरपरीक्षा होती. ती मुलगी तिथेच अडली. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने तोंडाचा चंबू करून गाल फुगवले. तिला हसू फुटलं आणि ‘फुगत नाही’ म्हणून गेली. नियमाप्रमाणे खूण केली की दोघांचे दोन-दोन गुण जातात. गुणपत्रक माझ्याकडे आहे, उद्या सचिवांना द्यायचंय. अजून भरलेलं नाही.