समानार्थी आज्ञा चालतील, पण खरोखर समानार्थी हव्यात

प्रोग्रामिंगच्या भाषेत एकाच कामाला दोन आज्ञा असल्या की नवशिक्यांचा गोंधळ उडतो, म्हणून त्या नकोतच, हे मत मला अर्धंच पटतं. रूबी या भाषेत 'मॅप' आणि 'कलेक्ट' (यादीतल्या प्रत्येक घटकावर एकच क्रिया करून नवी यादी देणाऱ्या आज्ञा) तंतोतंत एकच आहेत. 'कलेक्ट' स्मॉलटॉक या जुन्या भाषेतून आलेला, 'मॅप' लिस्प या आणखी जुन्या भाषेच्या घराण्यातला. कुठूनही आलेल्या माणसाला ओळखीचा शब्द सापडतो. अटीत बसणारे घटक निवडणाऱ्या 'सिलेक्ट'ला 'फिल्टर' हा जोडीदार तर २०१८ च्या अखेरीस, २.६ आवृत्तीत मिळाला. यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडतं ते शब्द सारखे भासतात पण नसतात तिथे. रूबीतच 'अँड' हा शब्द आणि जोडीनं लिहिलेलं अँपरसँड चिन्ह (&&), दोन्हींचा अर्थ 'आणि', पण अग्रक्रम, म्हणजे कोणती क्रिया आधी होते ते, वेगळा. 'क = ट्रू अँड फॉल्स' लिहिलं, तर आधी 'क = ट्रू' होतं आणि 'क'मध्ये ट्रूच (खरं) राहतं! चिन्ह वापरलं की फॉल्स (खोटं). रेल्स या रूबीतल्या वेब ॲप बनवायच्या साधनसंचात तर आणखी पंचाईत: साध्या ॲरेवर (यादीवर) घटक मोजणारे 'लेंग्थ' आणि 'साइझ' एकच, पण डेटाबेसच्या नोंदींवर 'लेंग्थ' सगळ्या नोंदी मेमरीत ओढून मोजतो, 'काउंट' डेटाबेसलाच मोजायला लावतो, आणि 'साइझ' नोंदी आधीच आणल्या आहेत का ते पाहून कसं मोजायचं ते ठरवतो. बंदी घालायचीच असेल तर असल्या जोड्यांवर घाला, 'मॅप-कलेक्ट'वर नको.