दुरुस्त केलेल्या जुन्या वस्तूंचं संकुल नाशिकमध्ये: माल दारात घेतानाच काय बघायचं?

सातपूर_गट
आम्ही सहा जण सातपूरला १,८०० चौरस फुटांचा तळमजला भाड्याने घेतोय. एका छताखाली चार-पाच गाळे करायचेत: विजेची उपकरणं, लाकडी सामान, गोधड्या-कपडे, तांब्या-पितळेची भांडी. डोळ्यासमोर स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना गावचं 'रेतूना' हे जुन्या वस्तूंचं संकुल आहे. ते २०१५ पासून चालू आहे. लोक दारात वस्तू देऊन जातात, कर्मचारी निवड करतात, मग गाळेवाले आपापला माल उचलतात. आपल्याकडे वस्तू मिळायला अडचण नाही, दिवाळीच्या साफसफाईत तर ढीग लागेल. पण काय घ्यायचं, काय नाकारायचं आणि दुरुस्तीनंतर कोणती चाचणी करून विकायचं, हे ठरत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

वायरमन_अंबड
रेतूनाचं एक अंग लोक विसरतात. ते नगरपालिकेच्या कंपनीचं आहे आणि कचऱ्याच्या पुनर्चक्रण केंद्राला लागूनच आहे. न विकण्याजोगी वस्तू शेजारच्या दारात गेली की विषय संपला. तुमच्याकडे तसं दार नाही. आत घेतलेली प्रत्येक निकामी वस्तू तुमचा कचरा होणार आणि भाडं खात बसणार. म्हणून निवड दारातच, देणारा समोर उभा असताना. १,८०० पैकी निम्मीच जागा विक्रीला ठेवा, उरलेली आवक, दुरुस्ती आणि साठ्याला लागतेच.

सरळ नाही म्हणायच्या वस्तू: जुने काचेच्या नळीचे टीव्ही (काचेत शिसं असतं), टाकी फुटलेले गीझर, वापरलेली हेल्मेट (आतला तडा बाहेरून दिसत नाही), गाद्या, फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या. अशी बॅटरी चुकून आलीच, तर वाळूच्या बादलीत, इमारतीबाहेर.

आता चाचणी. सिरीज बोर्ड बनवा: १०० वॉटचा तारेचा बल्ब उपकरणाच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच उपकरणात जाईल असा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. पंखा लावल्यावर बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे. इस्त्रीला ही परीक्षा लावू नका. एलिमेंटचा रेझिस्टन्सच कमी असल्याने चांगल्या इस्त्रीवरही बल्ब जवळपास पूर्ण पेटतो. इस्त्री मीटरवर मोजा: १,००० वॉटची साधारण ५३ ओहम, ७५० वॉटची ७० च्या आसपास. त्यानंतर ५०० व्होल्टचा मेगर (बॉडीत वीज उतरते का ते मोजणारं मीटर) लावा, फेज-न्यूट्रलच्या तारा एकत्र करून बॉडीशी. १ मेगाओहमच्या खाली आलं तर विक्रीला नाही. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या इस्त्रीचा एलिमेंट ओल धरतो, त्यामुळे आकडा खाली येतो. ती लगेच बाद करू नका. दोन दिवस कडक उन्हात सुकवून पुन्हा मोजा.

छतपंखा हा तुमचा हुकमी माल. पंखा हळू फिरतो म्हणजे वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलं असं समजून लोक देऊन टाकतात, पण बहुतेक वेळा कपॅसिटर उतरलेला असतो. छापलेलं असतं २.५ मायक्रोफॅरड, मीटरवर २ च्या खाली दिसला की बदला. शंभराच्या आतलं काम. हाताने फिरवल्यावर घरघर आली तर बेअरिंग. बऱ्याच पंख्यांत ६२०२ किंवा ६२०१ असतं. नंबर वाचून आणा आणि वरचं-खालचं दोन्ही एकदम बदला. आणि तिन्ही पाती आवकेच्या वेळीच तारेने एकत्र बांधून त्याच पंख्याचा नंबर टाका. पाती वजन जुळवून दिलेली असतात. ढिगातून कुठलीही तीन उचलून लावली की पंखा डुगडुगतो, मग दोष बेअरिंगला!

रंधा
लाकडाचं थोडक्यात. भुसा दाबून केलेलं फर्निचर पाण्याने फुगलं असेल तर हात लावू नका, त्यात स्क्रू पुन्हा धरत नाही. सागवान आणि शिसम मिळेल ते घ्या.

कीड बघायची पद्धत: खुर्ची काळ्या कागदावर ठेवून पायांवर लाकडी हातोडीने ठोका. पिठासारखा ताजा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे. नुसती जुनी भोकं असतील, भुसा नसेल, तर चालेल. जिवंत कीड असलेली वस्तू बाकी मालापासून लांब ठेवा, लाकडाचं कीडनाशक सिरिंजने भोकाभोकात सोडा, भोकं मेणाने बंद करा आणि महिनाभर पुन्हा कागदावर ठेवून बघा. ढेकणांसाठी नुसतं ऊन दाखवून भागत नाही, सांध्याच्या आत उष्णता पोचत नाही. पलंगाचे सांधे खोलून वाफ मारावी लागते.

हलणाऱ्या खुर्चीला खिळा मारणं हा गुन्हाच समजा. खिळ्याने कुसू (सांध्याच्या भोकात बसणारं टोक) फाटतं आणि सहा महिन्यांत खुर्ची पुन्हा हलते. सांधा सोडवा, कुसवावरचा आणि भोकातला जुना सरस पटाशीने पूर्ण खरवडा, कारण जुन्या सरसावर नवा फेव्हिकॉल धरत नाही. सैल असेल तर कुसवाला पातळ सागवानी पट्टी चिकटवून जाडी वाढवा. मग सांधा बसवून चारही पायांभोवती सुती दोरी गुंडाळा, मध्ये काठी घालून पीळ द्या. महागड्या शिकंज्याची गरज नाही. चोवीस तास दोरी सोडू नका. पीळ देण्याआधी खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात ना ते बघा. वाकडी सुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

सुईदोरा
एका मोठ्या गोधडीला चार ते पाच जुन्या साड्या धरा. आतले थर सुतीच हवेत. सिंथेटिक साडी आत घातली की धुतल्यावर ती सरकते आणि एका कोपऱ्यात गोळा होते. वरच्या थराला सिंथेटिक चालेल, पण धावदोऱ्याच्या दोन ओळींमधलं अंतर दोन बोटांपेक्षा जास्त नको. शिवण्याआधी सगळ्या साड्या धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने काठ घासा. फडक्याला रंग लागला तर ती साडी गोधडीत नको, पिशव्यांना वापरा. आधी चारही कडा, मग मधले मोठे टाके, मगच धावदोरा. हे मधले टाके टाळले की पोटात सुरकुत्या पडतात आणि उसवण्यात दिवस जातो.

हाताच्या गोधडीला भाव देता येत नसेल तर करू नका. मशीनची आणि हाताची एकाच किमतीला लावली की हाताने शिवणाऱ्या बायका आठवड्यात काम सोडतील.

सातपूर_गट
भांड्यांचं राहिलं. आणि बिल, जीएसटी?

खतावणी
भांडी सोपी: मोडीचा भाव हाच तळ. त्याखाली विकायचं नाही, आणि कल्हई धरून मोडीपेक्षा फारसं वर जात नसेल तर मोडीतच घाला. विक्रीआधी पाणी भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा, डागलेला सांधा झिरपत असेल तर सकाळी कागद सांगतो. स्वयंपाकाच्या पितळेला कल्हई हवीच. कारागीर शहरातल्या तांबटांकडे विचारा.

जीएसटी: वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत, फक्त मालविक्री आणि तीही राज्यातच असेल तर नोंदणीची सक्ती नाही. लोकांचे मिक्सर मजुरीवर दुरुस्त करू लागलात की सेवा आली, मग मर्यादा २० लाख. नोंदणी झाल्यावर जुन्या मालासाठी नियम ३२(५) आहे: खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घ्यायचं नाही. पण ही सवलत वस्तूचं रूप न बदलणाऱ्या किरकोळ दुरुस्तीपुरती. पंख्याला बेअरिंग बसवलं तर चालेल; साडीची गोधडी केली तर ती नवी वस्तू. म्हणून दोन्हींची पुस्तकं पहिल्या दिवसापासून वेगळी. देणाऱ्याकडून सही असलेली पावती घ्या, वस्तू फुकट दिली असली तरी. चोरीचा माल निघाला तर तोच कागद कामी येतो.

जागेचा वापर व्यापारी आहे का, हेही करारापूर्वी तपासा. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला होता, ते विसरू नका. निकामी विजेचं सामान भंगारवाल्याला नाही, नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रियादाराला द्या. १ एप्रिल २०२३ पासूनचे नियम तेच सांगतात.

सातपूर_गट
मिक्सर घ्यावेत का? आणि हमी किती दिवसांची?

वायरमन_अंबड
मिक्सर घ्या, पण भांड्यासकट. मोटर चांगली आणि भांडं नाही, तर त्या मापाचं भांडं शोधण्यातच नफा जातो. वरचा कपलर (भांडं ज्यात अडकतं तो दातेरी भाग) बहुतेकांत उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या दिशेने जोर लावला की तुटतो. ठिणग्या उडत असतील तर कार्बन ब्रश बदला आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याचा गोल भाग) झिरो नंबरच्या काचकागदाने पुसा. काळा एमरी कागद नको, त्याचे कण खाचांत बसून शॉर्ट करतात. भांड्याखाली काळं पाणी येत असेल तर बुश (पात्याचा दांडा फिरतो ती नळी) गेलंय, ते बदलल्याशिवाय मोटरवर ठेवू नका, पाणी थेट बेअरिंगमध्ये उतरतं.

हमी ३० दिवस. पट्टीवर तारीख, बदललेला भाग आणि मेगरचा आकडा लिहा. एका स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, ठिपका तुटला की हमी संपली.