ऑनलाइन प्रोजेक्टमधले जर्मन पार्टनर कामापुरतंच बोलतात, तुमचाही हाच अनुभव का?

दुपारचाचहा: पुण्यात जर्मन शिकतेय, सध्या तिकडच्या एका युनिव्हर्सिटीबरोबर ऑनलाइन प्रोजेक्ट चालूय, तीन आम्ही तीन ते. कामात पोरं एक नंबर, वेळेच्या आधी हजर, पण काम संपलं की च्यूस म्हणून कॅमेरा बंद. व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीचे फोटो टाकले तर एक अंगठा आला, बास. गंमत म्हणजे आम्ही तिघं, जे वर्गात एकमेकांशी बोलायचो पण नाही, ते आता रोज कॅन्टीनला एकत्र असतो. मग यात परदेशी ओळख कुठे झाली?

आखेनकर: इंटरेस्ट नाही असं लगेच समजू नकोस गं. इथे जर्मनीत ग्रुपवर फोटो टाकून फारसं काही होत नाही. एकीलाच वेगळा मेसेज कर, वार आणि वेळ टाकून, "कधीतरी बोलू" म्हणालीस तर ते कधीच होणार नाही. आणि हो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ मागे जातं, साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो, त्यात पण बरेच कॉल हुकतात.

खडूफळा: मी शिकवते म्हणून सांगते, मला दोष कामाच्या आखणीत दिसतो. तू हे लिही मी ते लिहिते असं वाटून घेतलं की कुणाला कुणाला काही विचारायची गरजच उरत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत कुल्तुरा नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात अमेरिकन आणि फ्रेंच मुलं एकच प्रश्नावली आपापल्या भाषेत भरायची, म्हणजे सुपरमार्केटमध्ये आईने पोराला थोबाडीत मारली तर तुम्ही काय कराल वगैरे, मग दोन्हीकडची उत्तरं शेजारी ठेवायची आणि एकमेकांना छळायचं, की बाबा तुम्ही असं का म्हणता. असल्या प्रश्नावर सहाही जण भांडतील बघ, आणि भांडले की बोलतील.

निवांत_नागपूर: पण मॅडम तिथे दोन्ही बाजू एकमेकांची भाषा शिकत होत्या ना? इथे आपण चुकायचं आणि त्यांनी सुधारायचं, मराठी कोण शिकतंय तिकडे. अशाने दोस्ती कशी होणार, ट्यूशनच होते ती.

दुपारचाचहा: @निवांत_नागपूर अगदी! माझं आर्टिकल, म्हणजे डेर-डी-दास, चुकलं की तेवढं मात्र लगेच सांगतात 😄 थोबाडीचा प्रश्न पुढच्या कॉलला टाकते, आमच्या सरांना मात्र आधी पटवावं लागेल, त्यांना पीपीटी हवीय.