आईच्या पायावर रोज संध्याकाळी सूज येते, अंगात पाणी साठतंय का?

पोहेवाली:
नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल पण वाचा प्लीज. आई ५९ वर्षांची आहे, साताऱ्याला असते, बीपीची गोळी चालू आहे. हल्ली संध्याकाळ झाली की दोन्ही घोट्यांपाशी सूज येते, चपलेचा पट्टा रुततो, बोटाने दाबलं तर खड्डा पडतो आणि भरायला वेळ लागतो. सकाळी उठते तेव्हा बरंच उतरलेलं असतं. दम लागत नाही, छातीत काही नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या अंगात पाणी झालंय, तर आईने पाणी पिणंच कमी केलंय, दिवसभरात जेमतेम चार फुलपात्री. वर व्हॉट्सअपवर आलेला पुनर्नवाचा काढा आणि जवाचं पाणी सुरू करायचं म्हणते. मी पुण्यात, फोनवर किती भांडणार. घरच्या घरी काय करता येईल?

निवांत_नाना:
पाणी कमी करून काही होत नाही, उलट शरीर आहे तेच धरून ठेवतं. हार्टच्या नाहीतर किडनीच्या डॉक्टरने पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. आधी मीठ बघा. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सगळं आलं पाहिजे. आता आपल्याकडचं जेवण बघा, लोणचं, पापड (त्यात मीठ आणि वर पापडखार), शेंगदाण्याची चटणी, ताकात मीठ, संध्याकाळी फरसाण. भाजीत मीठ कमी घालून हे सगळं चालू ठेवलं तर काय उपयोग. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं ना, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ, रक्तातलं खारेपण साधारण तेवढंच असतं. म्हणून ९ ग्रॅम जास्तीचं मीठ अंगात राहिलं की ते जवळजवळ लिटरभर पाणी धरून बसतं. आमच्या हिने पापड लोणचं फक्त रविवारी ठेवलं आणि अंगठी परत सैल झाली.

औषधवाला_दादा:
मीठ ठीक आहे नाना, पण त्याआधी एक विचारतो, बीपीची गोळी कुठली? आणि मधे बदलली किंवा वाढवली का? मी मेडिकल चालवतो, अशी सूज घेऊन येणारे बरेच जण बघतो.

पोहेवाली:
अम्लोडिपिन. आधी ५ होती, दिवाळीनंतर १० केली. अरे हो, सूज त्यानंतरचीच आहे!! आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक पण घेते मधूनमधून, ती स्वतःच आणते दुकानातून.

औषधवाला_दादा:
मग सगळ्यात आधी संशय तिथेच जातो. अम्लोडिपिनने छोट्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या) सैल पडतात, त्यामुळे पुढच्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याशी उतरतं. डोस जास्त तशी सूज जास्त, आणि बायकांमध्ये जास्त दिसते. ही सूज मिठापाण्याने आलेली नसते म्हणून लघवी वाढवायच्या गोळीने फारशी हलतही नाही. डॉक्टर डोस कमी करतात, नाहीतर सिल्निडिपिनवर नेतात, किंवा टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी जोडतात. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हं, बीपी उसळलं तर सूज परवडली म्हणायची वेळ येईल. डायक्लोफेनॅकने किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि बीपीही चढतं, म्हणजे आई एका हाताने गोळी घेतेय आणि दुसऱ्या हाताने तिचं काम बिघडवतेय. ती थांबवून गुडघ्याचं डॉक्टरला विचारा. आणि जाताय तर लघवीत प्रोटीन जातंय का, क्रिएटिनिन (किडनीसाठी), थायरॉइड, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) एवढं करून घ्या, ईसीजी पण. गोळीच कारण आहे असं धरून बाकीचं सोडून द्यायचं नाही.

झाडीपट्टी:
दोन्ही पायांना आहे म्हणून बरं. एकाच पायाला अचानक सूज, पोटरी दुखते, गरम लागते असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना, शिरेत गाठ असू शकते. आमच्या इकडे चंद्रपूर गडचिरोलीकडे एक पाय सुजला की हत्तीरोगाचीही शंका घेतात, त्याचे जंतू रक्तात रात्री सापडतात म्हणून रक्त घ्यायला माणसं रात्री घरी येतात. सरकारी गोळ्या वाटायला येतात तेव्हा लोक घेतात आणि खिशात ठेवतात, तो वेगळाच विषय.

काउंटरवाली:
मी साडीच्या दुकानात दिवसभर उभी असते, माझे पाय पण सुजतात. पोटरीचा स्नायू आवळला की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं, नुसतं उभं राहून ते होत नाही. म्हणून मी काउंटरमागे टाचा वर खाली करत असते, गिऱ्हाईकाला कळत पण नाही. घरी आले की आडवी पडून पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा वर, नुसतं स्टुलावर ठेवून तेवढा फरक पडत नाही. आणि घट्ट मोजे मिळतात ते. काढ्याबद्दल मला विश्वास नाही पण घेटुळीची (म्हणजे त्याच पुनर्नवाची) भाजी आम्ही खातो, चवीला छान लागते.

औषधवाला_दादा:
भाजी खा, बिनधास्त. काढा मात्र डॉक्टरला सांगून, आधीच गोळ्या चालू आहेत. आणि लो सोडियम मीठ कुणी सुचवलं तर थांबा, त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन चालू झाली तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळ्याचं पण तेच, रोज रोज नको.

पोहेवाली:
थँक्यू सगळ्यांना. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. आईला डायक्लोफेनॅकचं सांगितलं तर म्हणते तुझा मेडिकलवाला काय डॉक्टर आहे का 😅 लोणच्यावरून अजून वाटाघाटी चालू आहेत. @काउंटरवाली ते मोजे कुठल्या मापाचे घ्यायचे?

काउंटरवाली:
सकाळी उठल्या उठल्या सूज यायच्या आत घोटा आणि पोटरी टेपने मोज, त्यावरून साइज मिळते. सकाळीच घालायचे, रात्री काढून ठेवायचे. शुगर असेल किंवा पाय गार पडत असतील तर आधी डॉक्टरला विचार.