बाबांच्या डब्यातला निळा रुपया: रंग आपसूक आलेला की चढवलेला?

माहीमची_मृण्मयी

नमस्कार मंडळी. बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत पंचम जॉर्जचे तीन चांदीचे रुपये, तिन्ही 1918 चे, मागच्या बाजूला खालच्या कमळाशी मुंबई टांकसाळीचं टिंब. दोन कागदाच्या पुडीत, तिसरा सुटा. तिन्ही ग्रेडिंगला पाठवले, म्हणजे नाणं अस्सल आहे का आणि कुठल्या अवस्थेत आहे हे तपासून आकडा देणाऱ्यांकडे. पुडीतले दोन एमएस (मिंट स्टेट, म्हणजे न वापरलेलं) 62 आणि 63 होऊन आले. तिसराही स्लॅबमध्ये, म्हणजे त्यांच्या लेबल लावलेल्या बंद प्लास्टिकच्या डबीत आला, पण आकड्याविना. लेबलवर ‘क्वेश्चनेबल कलर’, म्हणजे रंगाबद्दल शंका.

मला हे फार लागलं. तिघांत देखणा तोच आहे. कडेला गडद निळा, मुकुटापाशी जांभळा, राजाच्या गालावर सोनेरी. बाबांनी त्याला कधी काही लावलं असेल हे मी मानूच शकत नाही. आमचं घर खाडीच्या बाजूला आहे. ओहोटी लागली की वास घरात येतो आणि देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं पंधरा दिवसांत काळी पडतात. तोच वारा या नाण्याला लागला असेल ना? पुन्हा पाठवू का?

आणखी एक. गेल्या आठवड्यात फोर्टमध्ये एका विक्रेत्याने इंद्रधनुष्यासारखा रंगलेला, स्लॅबमधला रुपया दाखवला. साध्याच्या तिप्पट भाव. तो तरी कशावरून खरा मानायचा?

भुलेश्वरचा_कारागीर

ताई, बाबांवर कुणी आळ घेतलेला नाही, हे आधी मनातून काढा. ग्रेडरच्या हातात फक्त नाणं असतं. ते कुणाच्या कपाटात होतं हे त्याला कुठून कळणार?

मी चौतीस वर्षं चांदीकामात आहे. दागिने ऑक्सिडाइज करणं आमचं रोजचं. गंधकाच्या औषधाचं गरम पाणी करायचं, दागिना बुडवायचा, काढून धुवायचा. बघता बघता तो सोनेरी होतो, मग तांबूस, जांभळा, निळा, आणि शेवटी काळा. आम्हाला काळाच हवा असतो. नाण्याला रंग चढवणारा मधेच हात थांबवतो, एवढाच फरक. तुमच्या खाडीच्या हवेत तोच गंधक आहे. चांदीवर त्याचा अगदी पातळ थर धरतो आणि थर जितका जाड तसा रंग बदलतो. पावसात रस्त्यावर पेट्रोलचा तवंग रंगीत दिसतो ना, तसंच. त्यामुळे ‘निळा आहे म्हणजे नकली’ किंवा ‘निळा आहे म्हणजे जुना’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

मी क्रम बघतो. गडद निळ्याच्या आधी सोनेरी, तांबूस, जांभळा या पायऱ्या दिसल्या पाहिजेत, एकात एक विरघळलेल्या. हिरवा तर फार उशिरा, थर आणखी जाड होऊन रंगांची दुसरी फेरी सुरू झाली की येतो. कोऱ्या पांढऱ्या चांदीला चिकटून एकदम हिरवा दिसला की मी नाणं खाली ठेवतो. मग भिंगातून अक्षरांच्या कडा. वर्षानुवर्षं मुरलेल्या रंगात उठावाच्या लगत बऱ्याचदा बारीक फिकट किनार राहते. बुडवलेल्या नाण्यात रंग खाचेत साचतो, कधी ओघळही दिसतो. तुमच्या वर्णनातला क्रम मला बरोबर वाटतो.

पण खरी परीक्षा झळाळीची. खोलीत एकच दिवा ठेवा, नाणं तिरकं धरून सावकाश फिरवा. टांकसाळीतून निघाल्यावर न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. रंगाच्या खालूनही तो फिरायला हवा. रंग आहे आणि पट्टा फिरत नाही, तर खालची चांदी बहुधा आधीच घासली किंवा झिजली आहे.

म्हणून विचारतो, हा तिसरा रुपया लक्ष्मीपूजनात असायचा का? आपल्या घरांतून कितीतरी बंदे रुपये असेच गेले. दर दिवाळीला रांगोळीने नाहीतर राखेने घासायचे, हळदकुंकू वाहायचं, पुन्हा डब्यात. घासून उघडी पडलेली चांदी चटकन रंग धरते. तो रंग कुणी चढवलेला नसतो, पण टांकसाळीतलं मूळ अंगही उरलेलं नसतं. ग्रेडरला तेच खटकतं.

डोंबिवलीकर_नाणी

फोर्टच्या रुपयाबद्दल. स्लॅबचा अर्थ एवढाच की ग्रेडरना तो रंग बाजारात चालण्याजोगा वाटला. तिप्पट भाव विक्रेत्याने लावलाय, लेबलने नाही. अमेरिकेतले मॉर्गन डॉलर, म्हणजे तिथले जुने चांदीचे डॉलर, बँकांच्या कापडी थैल्यांत पडून रंगले, एकावर एक नाणं होतं तिथे चंद्रकोर उमटली. तिथल्या रंगाला अशी मागची हकीकत असते. या रुपयाचा रंग कुठे, कशात आला ते विक्रेत्याला विचारा. स्लॅब पूर्ण हवाबंद नसतो, आत रंग पुढेही बदलू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

माहीमची_मृण्मयी

काका, आईला विचारलं. ती म्हणाली, “तो लक्ष्मीचा रुपया. तुझी आजी रांगोळीने घासायची, मग मी.” काल रात्री टेबलावरच्या दिव्याखाली तिन्ही फिरवले. पुडीतल्या दोघांवर पट्टा सरसर फिरला. निळ्यावर हललाच नाही. भिंगातून गालावर बारीक गोलसर ओरखडे दिसले, सगळे एकाच वळणाचे. अंगठा फिरवल्यासारखे. किती वेळ बघत बसले होते.

पुन्हा पाठवत नाही. स्लॅब फोडून तो बाहेर काढणार आहे, यंदा पूजेला लागेल. घासणार मात्र नाही. एकच विचारायचं होतं, पुड्यांना बाबांनी रबर बँड लावले होते. तसेच पुन्हा लावले तर चालेल का?

भुलेश्वरचा_कारागीर

मुळीच नको. रबरात गंधक असतो, काही वर्षांत नाण्यावर आडवी काळी रेघ उठते. आजच फेकून द्या. आणि डबा त्या खाडीकडच्या खिडकीपासून लांब ठेवा.