वाइनरीत खून, वाइनवेडी नायिका: कथेतल्या तांत्रिक चुका दाखवा

कोरा_कागद

रहस्यकथा लिहायला घेतली आहे. नायिका पन्नाशीची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, वाइनची दर्दी. पोलीस खात्याशी संबंध शून्य. स्थळ दिंडोरी तालुक्यातली एक काल्पनिक वाइनरी.

दिवाळीच्या सुट्टीत तिथे द्राक्षं तुडवायचा सोहळा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा भागीदार स्टीलच्या रिकाम्या टाकीत मृत सापडतो. व्यवस्थापक सांगतो, "मीच आत उतरून त्याला बाहेर काढलं, टाकीतल्या वायूने गुदमरला." नायिका मृताच्या खोलीतला अर्धा ग्लास हुंगते. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. बूच बिघडलेली वाइन आहे हे ती ओळखते आणि असली वाइन तो प्यालाच नसता असा तर्क करते. ग्लास पर्समध्ये घालून घरी नेते, रात्री एक बाटली संपवता संपवता कोडं सोडवते आणि लगेच गाडी काढून खुन्याच्या दारात जाऊन उभी राहते. खुनामागचं कारण: २००८ सालच्या म्हणून विकलेल्या बनावट बाटल्या.

यातलं काय टिकणार नाही ते सांगा. खुनाची कृती नको आहे, फक्त सुगावे पक्के हवेत.

गोडी_छाटणी

दिवाळीपासूनच घसरलंय. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर फळ तयार व्हायला चार ते पाच महिने लागतात, म्हणजे दिवाळीत वेलीवर कोवळी फूट असते, फार तर घड नुकते दिसायला लागलेले. तुडवणार काय? वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. आधी सोविन्यों ब्लां, शेनिन ब्लां ही पांढरी, मग शिराझ, काबर्ने ही लाल. सोहळा फेब्रुवारीत न्या. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते ती फ्रान्स-इटलीत.

पण कथेचा एखादा धागा गोडी छाटणीच्या दिवसांत ठेवता आला तर जरूर ठेवा, कारण तिथे एक सुंदर सुगावा फुकटात मिळतो. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात. बागायतदार याला नुसतं 'पेस्ट लावणं' म्हणतात. हे रसायन अंगात गेलं की दारू पचवण्याची साखळी मध्येच अडते आणि ॲसिटाल्डिहाइड हा मधल्या टप्प्यावरचा विषारी पदार्थ साठतं. अशा माणसाने थोडीशी वाइन घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधड, डोकेदुखी, मळमळ, धाप. म्हणूनच काम करण्याआधी आणि नंतरही काही दिवस मद्य घेऊ नये अशी सूचना त्या डब्यावर असते.

आता एका संशयिताला म्हणू द्या, "दोन दिवस मी मुंबईत होतो." संध्याकाळी अर्ध्या ग्लासात तो टोमॅटोसारखा लाल होतो. बाकीचे त्याला चढली म्हणून हसतात. नायिकेला मात्र रोजची पिणारी माणसं ठाऊक आहेत, त्याची एरवीची पचनशक्तीही ठाऊक आहे. तो मुंबईत नव्हता, बागेत होता. एक काळजी घ्या: काही लोक जन्मतःच असे लाल होतात, तेव्हा याच माणसाला आधीच्या प्रकरणात दोन ग्लास रिचवून नॉर्मल राहिलेला दाखवून ठेवा.

टाकी_नंबर_७

"रिकाम्या टाकीत वायूने गुदमरला" हे वाक्य व्यवस्थापकाच्या तोंडून आलं तर खुनी तिथेच सापडला म्हणायचं.

हिशोब असा. लिटरभर रसात साधारण २२० ग्रॅम साखर धरा. आंबताना तिच्यातली जवळपास निम्मी वजनाने कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते, म्हणजे लिटरमागे शंभरेक ग्रॅम. खोलीच्या तापमानाला हा वायू ५५ ते ६० लिटर भरतो. ५,००० लिटर रसाचे पावणेतीन लाख लिटरच्या वर. हवेच्या दीडपट जड असल्याने तो तळाशी, खड्ड्यात, टाकीत बसून राहतो. आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा ०.५ टक्के, ४ टक्क्यांना जिवाला तात्काळ धोका, १० टक्क्यांच्या वर मिनिटभरात ते काही मिनिटांत शुद्ध जाते. मेणबत्ती सोडून बघायची जुनी पद्धत दाखवायची असेल तर ती चुकीची म्हणूनच दाखवा. ज्योत शाबूत असतानाही माणूस कोसळू शकतो. मीटर लागतं.

पण हे सगळं आंबत असलेल्या किंवा नुकत्या उपसलेल्या टाकीचं झालं. खरी जीवघेणी वेळ रेड वाइनची. वाइन खालून काढून घेतली की सालींचा चोथा तळाशी राहतो आणि तो उपसायला कुणीतरी खालच्या झाकणातून आत शिरतो. चोथ्यातून वायू येतच असतो. धुऊन, वारा देऊन ठेवलेल्या टाकीत तो येणार कुठून?

म्हणून नायिकेला रजिस्टर गाठू द्या. प्रत्येक टाकीची रोज एक-दोनदा घनता आणि तापमान लिहितात. सुरुवातीला १.०९५च्या आसपास असलेली घनता ०.९९५पर्यंत उतरली की साखर संपली. रजिस्टरवर टाकी तीन आठवड्यांपूर्वी उपसली आणि धुतली अशी नोंद असेल तर अपघाताची गोष्ट संपली. शवविच्छेदनावर भिस्त ठेवू नका. गुदमरल्याच्या खुणा मोघम असतात आणि मृत्यूनंतर रक्तातला कार्बन डायऑक्साइड तसाही वाढतो. पुरावा घटनास्थळावरच असतो, तोही झाकण उघडून तासभर वारा खेळला की गेला.

आणखी दोन गोष्टी. चोथा उपसायला जाणाऱ्याच्या पायात गमबूट असतात, हातात फावडं, डोक्याला दिवा. भागीदार पार्टीच्या बुटांत आत काय करत होता? दुसरं म्हणजे व्यवस्थापकाची बहादुरी. असल्या अपघातांत बऱ्याचदा एकामागोमाग दोन-तीन जण दगावतात, कारण वाचवायला उडी मारणाराही त्याच हवेत श्वास घेतो. एकट्याने आत उतरून, बेशुद्ध माणसाला त्या अरुंद लंबगोल झाकणातून ओढून काढून, वर धडधाकट उभं राहून हकीकत सांगणारा माणूस वायूबद्दल खोटं बोलतोय. वायू असता तर तोही आडवा असता.

नायट्रोजनचा विचार डोक्यात येईलच. वाइनवर हवा लागू नये म्हणून त्याचे सिलिंडर वाइनरीत असतातच. फरक इतका लक्षात ठेवा की कार्बन डायऑक्साइड नाकाला झोंबतो आणि धाप लावतो, नायट्रोजन काहीच जाणवू देत नाही. रखवालदाराने खोकण्याचा, धडपडीचा आवाज ऐकला की नाही, यावर बरंच ठरवता येईल.

तळाचा_गाळ

नाकाबद्दल. ओल्या पुठ्ठ्याचा वास बुचातल्या बुरशीमुळे बनणाऱ्या ट्रायक्लोरोअॅनिसोलचा, लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा पुरतात. वर्णन बरोबर आहे, तर्क लंगडा आहे. बऱ्याच लोकांना तो वास कळतच नाही, नुसती वाइन बेचव लागते. शिवाय दोन-तीनदा हुंगल्यावर आपलं नाकही त्याला सरावतं. म्हणजे "तो प्यालाच नसता" हे सिद्ध होत नाही. वर नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. बूच नसलेल्या बाटलीत बूच बिघडलं असं लिहिलंत तर वाचक पुस्तक मिटेल. उलटंही करता येईल: टेबलावर फिरकीच्या झाकणाची बाटली, ग्लासात मात्र बुचाचा वास. म्हणजे ग्लासातली वाइन या बाटलीतली नसण्याचीच शक्यता जास्त. हा सुगावा मी घेतला असता.

चकवा हवा असेल तर ग्लासाच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे ठेवा. सगळे घाबरतात. ते टार्टरिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे स्फटिक असतात, बाटली फार दिवस थंड राहिली की खाली बसतात. निरुपद्रवी. गरम पाण्यात विरघळतात, काच विरघळत नाही.

आणि फरशी! वाइनरीच्या जुन्या कचेरीत शहाबादी किंवा कडप्पा असणार. दोन्ही चुनखडीचे दगड. वाइनचा सामू ३.३ ते ३.७, म्हणजे चांगलीच आंबट. पॉलिश केलेल्या फरशीवर सांडली आणि वेळेत पुसली नाही तर दगडाची चकाकी जाते, डाग पुसला तरी निस्तेज चट्टा उरतो. तिरप्या उजेडात बरोबर दिसतो. घाईत कुणी धुण्याच्या सोड्याने घासलं असेल तर आणखी मजा: रेड वाइनचा रंग अल्कलीत लालाचा निळसर-हिरवट होतो. रक्ताचा डाग असा निळा पडत नाही. नायिकेला प्रयोगशाळा नको, चमचाभर सोडा पुरे.

कोरा_कागद

दिवाळी रद्द, फेब्रुवारी पक्का. रजिस्टर, बूट आणि फरशी घेतलीच. झाकण आणि वास जुळत नाहीत ही कल्पना ग्लासासाठी फारच आवडली. पण मग तो ग्लास तिला नेऊ द्यायचा की नाही?

आकस्मिक_मृत्यू

नाही. तिने पर्समध्ये घातला त्या क्षणी तो पुरावा म्हणून मेला. जप्ती पोलीस करणार, पंचांसमोर, सीलबंद, प्रत्येक हाताची नोंद ठेवून. तिने फोटो काढावा, हुंगावं, हात लावू नये आणि तपास अधिकाऱ्याला दाखवावं. तो दुर्लक्ष करतो हे कथेला उलट सोयीचं.

असा मृत्यू आधी आकस्मिक मृत्यू म्हणून नोंदला जातो, ठाण्यातल्या भाषेत 'एडी'. चौकशीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४, त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४. कथा कोणत्या वर्षात घडते ते ठरवूनच कलम लिहा. व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो. अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही, महिने जातात, तेव्हा नायिकेने त्याच्या भरवशावर प्रकरण संपवू नये.

रक्तातल्या मद्याचा आकडा वापरणार असाल तर नमुन्यात सोडियम फ्लोराइड घातलं होतं का, हे कुणाला तरी विचारायला लावा. ते नसेल आणि नमुना उन्हात पडून राहिला तर रक्तातली साखर जंतूंमुळे आंबते आणि न प्यालेल्याच्या रक्तातही मद्य सापडतं. डोळ्यातल्या द्रवाचा नमुना घेतला असेल तर खरं-खोटं बरंच कळतं. "दारूच्या नशेत टाकीत पडला" हा बचाव इथे छान कोसळतो.

आता नायिकेची बाटली. ७५० मिलि, १३ टक्के म्हणजे जवळपास ७७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला सात-आठ ग्रॅम निपटतं. रात्री दहाला बाटली संपवली तर सकाळपर्यंत तिची उतरत नाही, कोडं कसलं सोडवते? गाडीसाठी कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. ५५ किलोच्या बाईने उपाशीपोटी १५० मिलिचा एकच ग्लास घेतला तरी हिशोब पन्नासच्या आसपास जातो. वाइनरीतल्या चाखण्याचे ३० मिलिचे पाच घोट मिळून हाच एक ग्लास होतो. तेव्हा तिला चाखून थुंकायला शिकवा, दर्दी लोक तेच करतात, आणि रात्री रिक्षाने किंवा कुणाला तरी सोबत घेऊन पाठवा. गाडी चालवणारं हे सोबतचं पात्र पुढच्या भागांतही कामाला येईल.

लेबल_वाचा

बनावट बाटल्यांना चव चालत नाही, कागद चालतो. लॉरां पोंसो या फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या वाइन उत्पादकाने २००८मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावातून आपल्या नावाच्या बाटल्या मागे घ्यायला लावल्या, त्यात १९४५ सालची म्हणून क्लो सां-दनी या मळ्याची बाटली होती. त्यांच्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच केली होती १९८२मध्ये. त्या बाटल्या पुरवणारा रूडी कुर्निआवान २०१२मध्ये पकडला गेला, घरात लेबलांचे गठ्ठे, बुचं आणि शिक्के सापडले, २०१४मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. सीझियम-१३७ (अणुचाचण्यांतून पसरलेला किरणोत्सारी पदार्थ) मोजून बाटली न उघडता वय तपासतात तो प्रकार तुमच्या कामाचा नाही. अणुचाचण्यांच्या आधीची की नंतरची एवढंच त्यातून ठळक कळतं, २००८ की २०२० ते नाही.

तुमच्या खुन्याने लेबल नव्याने छापलंय, तर तिथे पाहा. किमतीपुढे ₹ हे चिन्ह असेल तर बनावट, ते जुलै २०१०मध्ये आलं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असेल तर बनावट, ते नियम ऑगस्ट २०११पासूनचे. "सुरक्षित राहा, मद्यपान करून वाहन चालवू नका" हा इशारा एप्रिल २०१९पासून सक्तीचा. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला कागदावरची तारीख आणि चिन्ह जुळत नाही हे चवीच्या आधी दिसेल, हीच तिची खरी ताकद करा.

खुन्याला एक पळवाट असते: "द्राक्षं २००८ची, बाटलीत नंतर भरली." त्यासाठी लेबलवरचा बाटली भरल्याचा महिना आणि बॅच क्रमांक कथेत आधीच कुठेतरी दाखवून ठेवा. आणि पंधरा-सोळा वर्षं बुचाखाली राहिलेली वाइन मानेतून थोडी तरी उतरते. बाराच्या बारा बाटल्यांत पातळी एकसारखी, बुचाला भिडलेली असेल तर त्या अलीकडेच भरल्या असण्याची शक्यता जास्त.