भूसुरुंगावर जगात बंदी आहे म्हणतात, मग आपल्याकडं का नाही?

गेवराईकर
नमस्कार मंडळी. माझा चुलतभाऊ फौजेत होता, पुंछकडं पोस्टिंग, गस्तीवर असताना सुरुंगावर पाय पडला न डावा पाय घोट्याच्या वरून गेला. सुरुंग आपल्याच बाजूनं लावलेला, पावसात घसरून पायवाटेवर आलेला. परवा चुलती इचारायली, "इतक्या देशांनी बंद केले म्हणं, मग आपल्याकडं कामून नाही?" मला काही सांगता आलं नाही. आणि पुरलेले सुरुंग काढतात तरी कसे?

मास्तर_अंबाजोगाई
तुमच्या भावाला आधी नमस्कार सांगा.
तो ओटावा करार. डिसेंबर 1997 मध्ये सह्या झाल्या, 1 मार्च 1999 पासून लागू. माणसं मारणारे सुरुंग बनवायचे नाहीत, वापरायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, साठा 4 वर्षांत नष्ट करायचा आणि जमिनीतले 10 वर्षांत काढायचे. 160 च्या वर देश त्यात आले, पण भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिका यांची सही नाही. आपलं सरकार म्हणतं सीमा लांब आहे, घुसखोरी आहे, तेवढाच चालणारा दुसरा उपाय मिळाला की बंद करू. दुसऱ्या एका करारात मात्र भारत आहे, त्यात धातू शोधायच्या यंत्रावर सुरुंगाचा निदान 8 ग्रॅम लोखंडाइतका सिग्नल यायलाच पाहिजे म्हणजे शोधता येतो, आणि सुरुंगाच्या पट्ट्याला कुंपण न खुणा लागतात. पण पाऊस कुठं कुंपण बघतो!

माजी_सैनिक_उदगीर
मी इंजिनिअर रेजिमेंटला होतो. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम लागलं, म्हणजे सगळी फौज पाकिस्तान सीमेवर उभी केली, तेव्हा पंजाब-राजस्थानात लोकांच्या पेरणीच्या रानात सुरुंग लावले, न नंतर आम्हीच काढले. लावायला दिवस, काढायला महिने. आपल्याकडं विहिरीला सुरुंग लावल्यावर एखादी जिलेटीनची कांडी न उडता राहिली तर कुणी खाली उतरत नाही ना, इथं तर सगळं रानच तसलं. पोटावर झोपून सळई तिरपी खुपसत इंच इंच पुढं सरकायचं, सरळ वरून दाबली की संपलं. नकाशा असतो पण वाळू न बर्फ सुरुंगाला जागेवर राहू देत नाही.

जालना_७७
भाऊच्या पायाचं वाईट वाटतं पण सीमेवर सुरुंग लागतातच. फिनलंड, पोलंड, लिथुआनिया वगैरे देशांनी रशियाच्या भीतीनं 2025 मध्ये करारातून बाहेर पडायचं ठरवलं, ते काय येडे आहेत का?

मास्तर_अंबाजोगाई
येडे नाहीत, घाबरलेत, आणि मला त्याचंच लई वाईट वाटतं. लढाई संपते, सुरुंगाला ते कळत नाही, मग गुरं चारणारं पोरगं, सरपणाला गेलेली बाई, त्यांचाच पाय पडतो. काढणं होत नाही असंही नाही. मोझांबिकमध्ये युद्ध 1992 ला थांबलं आणि 2015 ला देश सुरुंगमुक्त जाहीर झाला. तिथं शिकवलेले मोठे उंदीर वासावरून सुरुंग हुडकायचे, वजन कमी म्हणून त्यांच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही.

गेवराईकर
सगळं वाचून दाखवलं. चुलती एवढंच म्हणली, तेवीस वर्षं लागली का त्यांना. भाऊ काही बोलला नाही, उंदराचं मात्र दोनदा वाचायला लावलं. आता एक अडचण, पुण्यात बसवलेला पाय डांबरीवर चांगला चालतो पण पाऊस झाला की काळ्या रानात रुततो न आतून घासून जखम होती. सोयाबीनची पेरणी तोंडावर आहे, जयपूर फूट घालून चिखलात काम करणारं कुणी ओळखीचं आहे का?

माजी_सैनिक_उदगीर
आहे, आमच्याच गावात एकजण औत हाणतो. मेसेज करा, नंबर देतो.